घरात कोण होतं?

"तुमच्या घरातलं कुणी आमच्या या पाहणीत काम करतं का?"

दारात दोन मुली उभ्या होत्या. पुढची उंच, मागची चष्मेवाली. दोघींच्या गळ्यात ओळखपत्रं, उंच मुलीच्या हातात टॅब आणि चेहऱ्यावर हवं तेवढंच हसू. जास्त हसलं की लोकांना वाटतं काहीतरी विकायला आली, मुळीच नाही हसलं तर वाटतं वसुलीला आली. हे मधलं हसू कसं आणायचं ते चौकशीबाईंनी आपल्या कार्यालयातल्या नव्या मुलींना आरशासमोर उभं करून शिकवलं होतं. या दोघी परगावच्या तुकडीतल्या होत्या, पण हसू तेच होतं.

"हो, मीच करते," असं म्हणायला बाईंनी तोंड उघडलं.

"नाही," त्या म्हणाल्या.

चौकशीबाई हे नाव त्यांना वस्तीनं दिलेलं. "बाकीच्या बायका लोकांच्या चौकशा फुकट करतात, या बाईंना त्याचा पगार मिळतो," असं तळमजल्यावरचा शिंपी म्हणायचा, आणि बाईंना ते मनातून आवडायचं. कामात त्या होत्याही तरबेज. पाहणी मारहाणीची होती. या सबंध भागात कोण कुणाला मारतं, रस्त्यात की कामावर की घरात, कशानं, कितीदा, हे दारोदार जाऊन विचारायचं. असं एकदम विचारलं तर माणूस दार लावून घेतो. ज्या घरातून बाकीच्या मुली "आमच्याकडे तसलं काही नाही हो" एवढंच ऐकून परत येत, त्याच घरात बाई गेल्या की आतली सून, नाहीतर लेक, नाहीतर एखादा म्हातारा बापसुद्धा घडाघडा बोलू लागे. "मावशी गेल्या की आकडा चढतो," असं कार्यालयातले साहेब म्हणत.

ओळखीच्या वस्तीत कुणी काम करायचं नाही, हा नियम. म्हणून बाईंच्या वस्तीत या परक्या मुली आल्या होत्या. एरवी बाईसुद्धा या वेळी कुठल्या तरी परक्या दारात उभ्या असत्या, पण परवा एका घराचा जिना उतरताना त्यांचा पाय मुरगळला आणि त्या घरी बसल्या होत्या.

"हो" म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. पाहणीत काम करणाऱ्याचं घर वगळायचं, हाही नियमच. त्यांना प्रश्न पाठ असतात, त्यांची उत्तरं धरत नाहीत. मुली "अय्या, मावशी तुम्ही!" म्हणाल्या असत्या, पाणी प्यायल्या असत्या आणि शेजारचं दार वाजवलं असतं. पण ते पाणी घेऊन आतून सून आली असती. एवढ्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्या घातलेली सून. उन्हाळ्यात लांब बाह्या दिसल्या की त्या घरात जरा जास्त वेळ बसायचं, हेही बाईंनीच शिकवलेलं. मुली तोंडावर काही बोलल्या नसत्या. कार्यालयात मात्र बोलल्या असत्या, की मावशींच्या घरी गेलो होतो बरं का. मग लोका सांगे ब्रह्मज्ञान, आणि पुढचं कुणी न बोलताच सगळ्यांना ऐकू आलं असतं. त्यापेक्षा ओळखच द्यायची नाही, काहीतरी सबब सांगून दारातूनच वाटेला लावायचं, असं त्यांनी त्या एका क्षणात ठरवून टाकलं. लाजेपोटी त्या खोटं बोलल्या, आणि त्या खोट्यामुळेच घर पाहणीत सापडलं.

"घरात मोठी माणसं किती आहेत, आजी?"

"तिघं. मी, मुलगा, सून. पण आत्ता जरा घाईत आहोत आम्ही."

"फार वेळ नाही घेणार. एकाच माणसाशी बोलायचं आहे. तिघांत कुणाचा वाढदिवस सगळ्यांत आधी येतो?"

घरात जो बोलका असतो तोच प्रत्येक वेळी पुढे येऊ नये म्हणून ही युक्ती होती. ज्याचा वाढदिवस आधी, त्याला विचारायचं. बाईंना एकदम वाट दिसली. आपलाच वाढदिवस जवळ आहे म्हणायचं, आणि सगळ्या प्रश्नांना नाही, नाही, नाही म्हणून टाकायचं. सगळी नाही असली की मुलाखत चहाला उकळी फुटायच्या आत संपते.

"माझाच की," त्या म्हणणार होत्या.

"माझा आहे," मागून आवाज आला. "पुढच्या महिन्यात. आईंचा आत्ताच झाला."

सून केव्हा मागे येऊन उभी राहिली ते बाईंना कळलं नव्हतं. तिच्या हातात पाण्याचा पेला वगैरे काही नव्हतं. ती उंच मुलीकडे सरळ बघत होती.

"आत बसू या का?" सून म्हणाली. "आत पंखा आहे."

सून आणि उंच मुलगी आतल्या खोलीत गेल्या आणि दार लागलं. दार लावून घ्यायचं असतं हे त्या मुलीला शिकवलेलं होतं. सुनेला कुणी शिकवलं, हा प्रश्न बाईंना पडला नाही. त्यांनीच शिकवलं होतं. रात्री जेवताना बाई कामावरच्या गमती सांगायच्या. कुणाचं नाव नाही, गाव नाही, नुसत्या गमती. घरातल्या म्हातारीला बोलण्यात कसं गुंतवलं, नवरा डोकावला तेव्हा आवाज न बदलता पाण्याच्या टाकीचं कसं विचारलं. आणि सासवांच्या नकला तर फारच छान करायच्या. "हात उचलतो हो कधीमधी, पण मनाचा वाईट नाही." मान हलवून, ओठ चावून, अगदी हुबेहूब. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्या नकलेला सुनेला हसता हसता ठसका लागला होता आणि मुलानंच तिच्या पाठीवर हात फिरवला होता. पुढे केव्हातरी सुनेचं हसणं थांबलं. नकला मात्र चालूच राहिल्या.

"आजी, तोवर मी तुम्हाला घराबद्दल थोडं विचारू का?"

चष्मेवाली समोर बसली होती. मांडीवर जाडसा कागद, हातात पेन, चेहऱ्यावर खूप महत्त्वाचं काम असल्याचा भाव. बाईंनी तो कागद लांबून ओळखला. आपलंच लेकरू ओळखायला चष्मा लागत नाही.

पूर्वी मुली एकेकट्या जायच्या आणि सासू हटकून दाराशी येऊन बसायची. मग आतली बाई काय बोलणार, डोंबल! त्यावर तोडगा बाईंनी काढला. दोघींनी जायचं. एकीनं आत बसायचं आणि दुसरीनं बाहेर मोठ्या माणसाला असे प्रश्न विचारायचे की त्याला उठावंसंच वाटू नये. हे प्रश्न बाईंनी एका दुपारी बसून काढले. साहेबांना इतके आवडले की ते सगळ्या तुकड्यांना वाटले गेले. 'मोठ्या माणसांचे प्रश्न' असं त्याला नावही पडलं. त्यांची उत्तरं पुढे कुठेच जात नसत. दिवस संपला की ते कागद टोपलीत.

"घराला खिडक्या किती?"

"चार."

"कुठल्या खिडकीतून वारा जास्त येतो?"

"कुठल्याच नाही."

चष्मेवालीनं ते गंभीरपणे लिहून घेतलं. बाईंना वाटलं, पोरगी चांगली आहे, मान खाली घालून लिहिते, मधे मधे "हो का?" म्हणते. थोडी मान वर करायला हवी, म्हणजे समोरच्याला आणखी सांगावंसं वाटतं. असं मनात आलं आणि लगेच त्यांची त्यांनाच शरम वाटली. आत आपली सून बसली आहे आणि आपण इथे पोरीला गुण देतोय.

"घरातली सगळ्यांत जुनी वस्तू कुठली? कुणी आणली?"

या प्रश्नाचा बाईंना फार अभिमान. कुठल्याही म्हातारीला हा प्रश्न विचारला की ती अर्धा तास उठत नाही. माहेरापासून सुरू होते आणि मेलेल्या दिरापर्यंत जाते.

"ते कपाट," बाई म्हणाल्या. "लग्नात माझ्या वडलांनी दिलेलं."

"हो का? मजबूत आहे. हा पोचा कशानं आला?"

हा प्रश्न कागदावर नव्हता. पोरीनं सहज विचारला होता. कपाटाच्या उजव्या दाराला, खांद्याच्या उंचीवर, बशीएवढा खोलगट पोचा होता. रंग तीनदा देऊन झाला तरी तो दिसायचाच.

"सामान हलवताना," बाई म्हणाल्या.

तो खांद्याच्या उंचीवर होता कारण तो खांद्यानंच पडला होता. त्यांच्या नवऱ्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या संध्याकाळी बाहेर सासूबाई बसल्या होत्या आणि त्यांनी रेडिओचा आवाज वाढवला होता, एवढं बाईंना अजून आठवत होतं. कुठला कार्यक्रम होता तेसुद्धा. पाहणीच्या पहिल्या सरावात मुलींनी एकमेकींनाच प्रश्न विचारायचे होते तेव्हा बाईंच्या जोडीदारणीनं त्यांना विचारलं होतं, तुम्हाला कधी कुणी मारलंय का? "छे गं," बाई म्हणाल्या होत्या आणि दोघी हसल्या होत्या. सराव तर होता.

आतून काहीच ऐकू येत नव्हतं. कागदावरचे प्रश्न पुढे सरकत होते, पाणी किती दिवसांनी येतं, भिंतीला ओल येते का, आणि बाईंची उत्तरं तोंडातून आपोआप पडत होती. त्यांचे कान आत होते. नाही म्हणणारी बाई एव्हाना बाहेर आली असती. ज्या अर्थी दार लागलेलं आहे त्या अर्थी सून हो म्हणाली. एकदा हो म्हटलं की पुढचे प्रश्न उघडतात. कुणी मारलं. कशानं. कितव्यांदा. दवाखान्यात गेलात का. तिथे काय सांगितलंत. बाईंना ती वाट तोंडपाठ होती. आता ती उंच मुलगी कुठे पोचली असेल, आता आवाज कुठे खाली आणला असेल, हे त्यांना भिंतीतून दिसल्यासारखं कळत होतं.

मुलाचं नाव येणार याची त्यांना फारशी धास्ती नव्हती. ते तर येणारच. धास्ती होती ती शेवटून तिसऱ्या प्रश्नाची. त्या वेळी घरात आणखी कोण होतं? आणि त्याला जोडून, त्यांनी काय केलं? त्याची उत्तरं ठरलेली होती. मधे पडले. ओरडले. दुसऱ्या खोलीत गेले. काहीच केलं नाही.

नळ सोडला, असं उत्तर त्यात नव्हतं.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. मुलगा फ्रिज दुरुस्तीचं काम करायचा. हात इतका हलका की गिऱ्हाइकं त्यालाच पाठवा म्हणून सांगत. एका गिऱ्हाइकाचा निरोप सून द्यायला विसरली. बस, एवढंच निमित्त. आतल्या खोलीत आधी त्याचा आवाज चढला, मग तिचा थांबला, मग दाराची चौकट हादरली. बाई स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी नळ सोडला. खाली बादली होती आणि ती आधीच भरलेली होती. भरलेल्या बादलीत पाणी मोठा आवाज करत पडत राहिलं, काठावरून वाहिलं, बाईंच्या पावलांवरून उंबऱ्यापर्यंत गेलं, आणि बाई बादलीकडे बघत उभ्या राहिल्या. मग सून बाहेर आली. उजवा हात डाव्यानं धरलेला. तिनं आधी नळ बंद केला. मग डाव्या हातानंच फरशी पुसली. बाई म्हणाल्या, "राहू दे गं, मी पुसते." सून पुसत राहिली, आणि बाईंनी पुसली नाही.

त्याला रागावायचं त्यांनी ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा आपला गोड मुलगा झाला, आईच्या गुडघ्याला तेल आणून दिलं, आणि त्यांचा विचार बारगळला. हात उचलतो कधीमधी, पण मनाचा... हे वाक्य त्यांच्या मनात पुरतं आलंसुद्धा. नक्कल न करता आलं.

"ओल फक्त पावसाळ्यात येते की बारा महिने?" चष्मेवाली विचारत होती.

तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली.

मुलगा इतक्या लवकर कधी येत नसे. हातातली हत्यारांची पेटी त्यानं दाराशी ठेवली, अनोळखी मुलीकडे बघून हसला आणि शर्टाची बटणं काढत आतल्या दाराकडे निघाला.

पाहणीत हा प्रसंग नेहमीचा. अशा वेळी बाहेरच्या मुलीनं उठायचं नसतं, घाबरायचं तर मुळीच नसतं. चष्मेवाली नवी होती. ती घाबरली. तिनं पेन खाली ठेवलं आणि बंद दाराकडे पाहिलं. जे पाहायचं नसतं तेच नेमकं तिनं पाहिलं.

बाई मुरगळलेल्या पायावर उभ्या राहिल्या.

"अरे, बरा आलास," त्या म्हणाल्या. "देवासारखा आलास बघ. या मुलीला घराची माहिती हवी आहे आणि मला मेलीला काही सांगता येत नाही. ओल कुठून येते, विजेचा भार किती, मला काय कळतंय त्यातलं? बस इथे."

"कपडे तरी बदलू दे."

"बदलशील रे. तिला पुढे जायचंय. ही वायरिंगचं विचारतेय, ते तूच केलंस ना सगळं?"

वायरिंग त्यानंच केलं होतं आणि त्याबद्दल त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं. तो बसला. चष्मेवालीनं पेन उचललं. तिच्या कागदावर वायरिंगचा प्रश्नच नव्हता, पण पोरगी हुशार निघाली. "किती दिवस लागले तुम्हाला?" तिनं विचारलं, आणि मान वर करून विचारलं. मुलगा खुलला. कुठली तार कुठून नेली, आधीच्या माणसानं काय घोळ घातला होता, सगळं हातवारे करून सांगू लागला. बाई त्याच्या आणि आतल्या दाराच्या मधे खुर्ची ओढून बसल्या.

"आत कोण आहे?" त्यानं मधेच विचारलं.

"हिचीच मैत्रीण. बायकांना पाण्याचं विचारतात. तू सांग रे, तो मुख्य बटणाचा काय घोळ होता?"

बाईंनी आजवर कितीतरी नवऱ्यांना असं बसवलं होतं. कुणाला स्कूटरवर बोलतं केलं, कुणाला राजकारणावर. मनात त्यांना हसायचीही सवय होती, की बघा, कसा पाघळला. आज त्यांना हसू आलं नाही. आपला मुलगा त्या सगळ्यांसारखाच पाघळला होता. तेच हातवारे, तोच चांगुलपणा. परक्या बाईला हा माणूस कुणावर हात उचलेल असं सात जन्मात वाटलं नसतं. बाई त्याच्या हातांकडे बघत होत्या. आपण याला इतक्या सहज अडवू शकतो, हे त्यांना आत्ता कळत होतं. एक खुर्ची आणि दोन वाक्यं पुरली. गेल्या आठवड्यातही खुर्ची इथेच होती.

आतून उंच मुलीचा आवाज मोठ्यानं आला, "आणि पाणी उकळून पिता की गाळून?" म्हणजे झालं होतं. दार उघडलं. उंच मुलगी बाहेर आली, मुलाला नमस्कार केला, बाईंना म्हणाली, "आजी, सहकार्याबद्दल आभार." चष्मेवालीनं कागद गुंडाळला. दारातून बाहेर पडताना उंच मुलीनं एकदा बाईंकडे पाहिलं. ती ओळख नव्हती. सासूकडे बघतात तसं ते बघणं होतं. बाईंनी स्वतः असं कितीजणींकडे पाहिलं होतं.

मुलगा आंघोळीला गेला. सून स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. बाई तिच्यामागे जाऊन उभ्या राहिल्या.

"झालं का सगळं विचारून?"

"झालं."

"शेवटपर्यंत?"

"हो."

परक्या दारात जे प्रश्न त्यांच्या जिभेवरून लोण्यासारखे उतरायचे, त्यातला एक इथे अडखळत आला.

"तो एक प्रश्न असतो... त्या वेळी घरात कोण होतं..."

"विचारला."

"मग?"

"मी सांगितलं, कुणी नव्हतं."

सुनेची सुरी थांबली नव्हती. "तिनं दोनदा विचारलं," ती पुढे म्हणाली, "दुसरं कुणीच नव्हतं का म्हणून. मी म्हटलं, नाही."

"मी होते ना गं," बाई म्हणाल्या.

"तुम्ही पाणी भरत होतात, आई."

आवाजात राग नव्हता. दूध आलं नाही, हे सांगावं तसं तिनं सांगितलं. चिरलेला कांदा भांड्यात सरकवला आणि पुढचा घेतला.

बाईंना एकदम साहेबांची सभा आठवली. गेल्या पाहणीचे आकडे आले होते. घरात मार खाल्लेल्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी सांगितलं होतं की त्या वेळी घरात दुसरं कुणी नव्हतं. साहेबांनी भिंतीवरच्या आलेखात त्यांची उंच पट्टी दाखवली होती. म्हणाले होते, आपल्या भागाचं हे एक वैशिष्ट्य दिसतं, घर रिकामं असलं की हात उठतो, घरात वडीलधारं माणूस असलं की बाई सुरक्षित असते. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाईंनीही डोलावली. दोन खोल्यांत सहा माणसं राहतात ती घरं रिकामी होतात तरी केव्हा, असा प्रश्न त्यांना पडायला हवा होता. पडला नाही. उलट त्यांना बरंच वाटलं होतं, की चला, आपल्या घरात निदान आपण तरी आहोत.

आता त्या पट्टीत त्यांचं घर होतं. त्या सगळ्या रिकाम्या घरांतून कोण कोण बसलेलं असेल ते त्यांना दिसलं. रेडिओचा आवाज वाढवणारी. डोक्यावरून पांघरूण घेणारी. गच्चीवरचे कपडे काढायला जाणारी. बादली भरणारी. कुणी नव्हतं, कुणी नव्हतं, असं त्यांच्या सुनांनी एकेक करून सांगितलं आणि आपण ते लिहून घेतलं. इतकी लाज बाईंना आयुष्यात कधी वाटली नव्हती. सुनेनं त्यांचं नाव सांगितलं असतं, काहीच केलं नाही असं सांगितलं असतं, तर बरं झालं असतं. निदान त्या घरात असल्या तरी असत्या.

खाली जाऊन त्या मुलींना गाठावं, खरं सांगावं, असं त्यांच्या मनात आलं. पण खरं सांगायचं म्हणजे आपण कोण ते सांगायचं. मग हे घर नियमानं वगळलं जाणार, आणि सून जे बोलली तेही. बाई खाली गेल्या नाहीत.

संध्याकाळचे दिवे लागले तेव्हा मुलाला आठवण झाली.

"पाण्याचं विचारायला दार कशाला लावून घ्यावं लागतं?" आतल्या खोलीतून त्याचा आवाज आला. आधी साधाच होता.

"पंखा होता म्हणून," सून म्हणाली.

"बाहेर पंखा नाही? मी आलो तर ती चष्मेवाली दाराकडे का बघत होती? काय सांगत होतीस तिला?"

सुनेचं उत्तर ऐकू आलं नाही. त्याचा आवाज चढला.

बाई स्वयंपाकघरात होत्या. हात नळाकडे गेला होता. नुसता गेला नव्हता, नळ सुटलाही होता, खाली भरलेल्या बादलीत धार पडत होती. हे आपण केव्हा केलं ते त्यांना कळलं नाही. त्यांनी नळ फिरवला. पाण्याचा आवाज थांबला आणि मुलाचे शब्द एकेक करून स्पष्ट ऐकू येऊ लागले. असे ते त्यांनी याआधी कधी ऐकले नव्हते.

पाय ठणकत होता. बाहेरच्या खोलीतली खुर्ची त्यांनी ओढत नेली, फरशीवर तिचा कर्कश आवाज झाला. आतलं दार लोटलेलं होतं. त्यांनी ते उघडलं, खुर्ची उंबऱ्यात ठेवली आणि बसल्या.

मुलानं वळून पाहिलं. त्याचा एक हात सुनेच्या दंडावर होता.

"काय हवंय तुला?"

"काही नाही."

"मग इथे काय करतेस?"

बाईंना मोठं काही बोलायचं होतं, आईनं मुलाला बोलावं तसं. पण पोटच्या पोराची त्यांना भीती वाटत होती. ती किती दिवसांपासून वाटत होती, हेही तेव्हाच कळलं.

"मी घरात आहे," त्या म्हणाल्या.

"ते दिसतंय मला."

"हो. दिसू दे."

त्यानं हात सोडला, "डोकं फिरलंय या घराचं," असं म्हणाला, आणि बाईंची खुर्ची अडचणीची होती म्हणून आडवा होऊन त्यांच्या बाजूनं बाहेर पडला. बाहेरचं दार आपटलं. जिन्यावर त्याची पावलं वाजत खाली गेली. तो परत येणार होता, आज नाहीतर उद्या पुन्हा आवाज चढणार होता, हे तिथल्या दोघींनाही माहीत होतं.

सून पलंगावर बसली. तिनं बाह्या कोपरापर्यंत वर केल्या, उकाडा फार होता. कोपराखाली पिवळे पडत चाललेले डाग होते. बाईंनी ते पहिल्यांदाच पाहिले आणि नजर वळवली नाही. सुनेनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. आभारही मानले नाहीत, आणि मानायचं कारणही नव्हतं.

स्वयंपाकघरात नळ घाईत नीट बंद झाला नव्हता. थेंब पडत होते. थोड्या वेळानं सून उठली, बाईंच्या खुर्चीला वळसा घालून गेली, आणि नळ बंद करून परत येऊन बसली.